बोटं जागेवर आहेत, हात कामाचा राहिला नाही

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते आहे. त्यात येणारा ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा.

«ताई, नमस्कार. मी अंबडला एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून घडवतात तिथे) ठेकेदाराच्या नावावर ऑपरेटर आहे. वय 35, पगार 17,400, ईएसआय कापला जातो. गेल्या वर्षी, जून 2025 मध्ये, सेकंड शिफ्टला डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला जॉब (घडवायचा तुकडा) काढताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताचं मधलं आणि करंगळीशेजारचं बोट चेचलं. सुपरवायझरने गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं. तारा घातल्या, बिल कंपनीने भरलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, ईएसआयला अपघात सांगू नको, चौकशी लागेल, आजारपणाची रजा काढ. मी काढली. तीन महिने पैसे आले, मग फिट सर्टिफिकेट मिळालं. एक्स-रेत हाड जुळलंय. पण हात जळतो. रात्री चादर लागली तरी आग होते. सुजतो, कधी लाल पडतो, कधी निळसर. मूठ वळत नाही. मला पॅकिंगला टाकलं, तिथेही जमेना. कंपनीत म्हणतात, हाड जुळलं तर दुखतं कसं, तुझ्या मनाचं आहे. वर म्हणतात, मशीनला गार्ड (संरक्षक झाकण) नसताना हात घातलास, चूक तुझीच. बाजूच्या लाइनवरच्या एकाचं बोट तुटलं होतं, त्याला दरमहा पैसे चालू झाले. ठेकेदार आता साठ हजार देतो म्हणतो, पण कागदावर सही हवी की माझा कसलाही दावा नाही आणि मी स्वखुशीने काम सोडतोय. सही करू का? नुसत्या दुखण्याचे पैसे मिळतात का? आजारपणाची रजा काढून बसलो, आता उशीर झाला का? रात्री कधी कधी वाटतं, बोटं गेलीच असती तर बरं झालं असतं.»

भाऊ, सही करू नका. बाकी सगळं सावकाश सांगते, पण हे आधी, कारण तो कागद उद्याही पुढे येऊ शकतो. कोऱ्या कागदावर नाही, «नुसती पोच आहे» म्हणाले तरी नाही, आणि «स्वखुशीने» हा शब्द ज्यात आहे त्यावर तर मुळीच नाही. कामावरच्या इजेचे जे पैसे तुम्हाला मिळायचे आहेत ते ईएसआय महामंडळाकडून मिळायचे आहेत, ठेकेदाराच्या खिशातून नाही. त्यामुळे ठेकेदाराच्या कागदाने तो हक्क संपत नाही. पण नोकरी मात्र तुमच्याच सहीने संपेल. पुढे कोणी विचारलं की हा माणूस काम का सोडून गेला, तर हाताचा उल्लेखही नसलेला तो एकच कागद समोर ठेवला जाईल.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते मी युनियनच्या ऑफिसात बसून इतक्यांदा ऐकलं आहे, की वाचून हातातलं पत्र खाली ठेवलं. तुम्ही वेडंवाकडं काही बोललेला नाहीत. कायद्यात एक तक्ता आहे, कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा. अंगठा गेला तर 30 टक्के. पहिलं बोट मुळापासून गेलं तर 14, मधलं 12, करंगळी किंवा तिच्या शेजारचं 7. एका हाताची दोन बोटं गेली तर 20, चारही गेली तर 50. बोट गेलेल्या माणसाला मेडिकल बोर्डापुढे, म्हणजे टक्का ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, फार बोलावं लागत नाही, रिकामी जागा दिसते. तुमच्यासारख्याचं बोट दिसतं, आणि दिसतं म्हणूनच कोणाला पटत नाही. दुखण्याची ओळ त्या तक्त्यात नाही.

पण त्याच तक्त्याच्या तळाला एक टीप आहे, आणि ती फारसं कोणी वाचत नाही. अवयव जागेवर असला, पण त्याचा उपयोग पूर्णपणे आणि कायमचा गेला असला, तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा, असं ती सांगते. आणि तक्त्यात न बसणाऱ्या इजांसाठी मेडिकल बोर्डाने कमाईची ताकद किती घटली ते ठरवायचं, अशीही सोय कायद्यात आहे. म्हणजे «नुसत्या दुखण्याचे पैसे मिळतात का» याचं उत्तर असं, की दुखण्याचे म्हणून मिळत नाहीत. त्या दुखण्यामुळे हाताला जे काम करता येत नाही, त्याचे मिळतात. हा फरक नीट धरून ठेवा. पुढचं सगळं मी त्याच्याच आधाराने सांगणार आहे.

«मनाचं आहे» याबद्दलही बोलते. पत्रावरून मी तुमचं निदान करणार नाही, तो डॉक्टरचा अधिकार. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं घेऊन हाडांच्या किंवा वेदनेच्या डॉक्टरकडे गेलात, तर ते एक नाव नक्की तपासतील: कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, बोलताना सीआरपीएस म्हणतात. हात चेचला, मोडला, तारा घातल्या, हाड जुळलं, आणि तरी आग जात नाही. साधा कपडा लागला तरी ठणका. रंग बदलतो, सूज येते, एक हात दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागतो, घाम वेगळा येतो, नखं आणि केस वेगळे वाढतात, सांधे आखडतात. हे एक्स-रेवर ठरत नाही, एकाच तपासणीनेही ठरत नाही. डॉक्टर दोन्ही हात शेजारी ठेवून बघतात, स्पर्श करतात, मोजतात आणि ठरवतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांची अशीच आग सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी 1864 मध्ये लिहून ठेवली. जखम भरली आणि आग राहिली, अशी माणसं तेव्हाही होती. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या वेदनेला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून स्वतःची वेगळी जागा आहे. कंपनीतला कोणी पुन्हा «हाड जुळलं ना» म्हणाला तर वाद घालू नका. तो हाडाबद्दल खरं बोलतोय. तुमची तक्रार हाडाची नाहीच.

यासाठी आधी एक करा: दवाखाना सोडू नका. गोळीने फरक पडत नाही म्हणून माणसं दोन-चार महिने जात नाहीत, आणि कागदावर त्याचा अर्थ होतो की बरं वाटत होतं. ईएसआयच्या डॉक्टरकडे जा, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवायला सांगा. हात गळ्यात बांधून निपचित ठेवू नका. या दुखण्यात हालचाल थांबली की सांधे आणखी आखडतात, म्हणून फिजिओथेरपी लागते आणि ती लवकर लागते. दर वेळी केसपेपरवर तक्रार पूर्ण लिहिली गेली का ते बघा. «हात दुखतो» एवढंच नको. «जून 2025 मध्ये प्रेसमध्ये हात सापडला, तेव्हापासून» हे शब्द यायला हवेत. झोप उडाली, चिडचिड होते, रडू येतं, हेही सांगा. त्याने दावा कमजोर होत नाही. इतके महिने आग सोसणाऱ्या माणसाची झोप उडणारच.

आता सगळ्यात अवघड गाठ, आजारपणाची रजा. ठेकेदाराने तुम्हाला हे का करायला लावलं ते कळलं तर पुढचं सोपं जाईल. आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के मिळतो आणि 91 दिवसांनी संपतो. कामावरच्या इजेचा, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ 90 टक्के असतो आणि डॉक्टर अनफिट म्हणत आहेत तोवर चालतो, त्याला दिवसांची मर्यादा नाही. आजारपणासाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, इजेसाठी कामाचा पहिला दिवस असला तरी चालतो. आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ, ज्याला कामगार पेन्शन म्हणतात, तो फक्त कामावरच्या इजेला मिळतो. तुमचं प्रकरण आजारपण म्हणून नोंदलं गेलं तेव्हा तुमचे 20 टक्के तर गेलेच, पण मेडिकल बोर्डाचं दारही त्याच वेळी बंद झालं. ते उघडता येतं, पण अर्ज तुम्हालाच करावा लागेल.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात व्यवस्थापकांच्या नावाने साधा मराठीत अर्ज लिहा. तारीख, वेळ, शिफ्ट, मशीन, काय करत होता, शेजारच्या मशीनवर कोण होतं, कोणाला सांगितलं, कोणत्या दवाखान्यात कोणी नेलं. मग स्पष्ट लिहा की अपघात असूनही मला आजारपणाची रजा काढायला सांगण्यात आलं, म्हणून तेव्हा कळवलं नाही. ही इजा कामावरची म्हणून मान्य करावी, लाभातला फरक द्यावा आणि मला मेडिकल बोर्डाकडे पाठवावं. तुम्ही स्वतः तेव्हा कुठे «घरी पडलो» असं लिहून दिलं असेल तर तेही लपवू नका, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते सांगा. अर्जाची पोच घ्या. एक प्रत कंपनीला आणि एक ठेकेदाराला स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या जपा. अपघाताचा अहवाल मालकाने द्यायचा असतो, तो फॉर्म 12. अपघात वहीतही नोंद करायची असते. कार्यालय तो अहवाल त्यांच्याकडे मागेल. त्यांनी दिला नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही, कार्यालय स्वतः चौकशी करू शकतं.

त्या चौकशीत तुमच्या बाजूने काय आहे? माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद त्या खासगी दवाखान्यातला पहिला केसपेपर. तातडीच्या खोलीत डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, काय झालं? तेव्हा तुम्ही किंवा सुपरवायझरने जे सांगितलं ते तिथे लिहिलेलं असतं. त्या क्षणी कोणाला दावा सुचलेला नसतो, म्हणून त्या ओळीला वजन असतं. दवाखान्यात जाऊन डिस्चार्ज कार्डच नाही, पूर्ण केसपेपरची प्रत मागा. बिल कंपनीने भरलं, तर पावती कोणाच्या नावावर आहे बघा. घरी पडलेल्या माणसाचं बिल कंपनी कशाला भरेल? त्या दिवशीची हजेरी, पंचिंग, त्या रात्री बायकोला किंवा मित्राला केलेला मेसेज, पट्टीबांधल्या हाताचा फोटो, हे सगळं गोळा करा. फोन बदलायचा असेल तर आधी हे दुसरीकडे साठवा. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त काम करू शकला नाही तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं असतं. कळवलं होतं का, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं.

गार्ड नसताना हात घातला, चूक तुमची, या बोलण्याने खचू नका. ईएसआयमध्ये चूक कोणाची हे बघून पैसे ठरत नाहीत. कामाच्या ओघात अपघात झाला, तर उलट पुरावा नसेल तोवर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नियम मोडून का होईना, पण मालकाच्या कामासाठीच हात आत गेला होता ना? अडकलेला जॉब तुम्ही घरी न्यायला काढत नव्हता. आणि ठेकेदार कंपनीकडे, कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवत असेल तर दोघांनाही दाखवू द्या. वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर असते. समजा वर्गणी भरलेली नाही असं निघालं, तरी महामंडळ तुम्हाला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. तुमच्या पगारपत्रकात दरमहा 131 रुपये कापलेले दिसत असतील, 17,400 चे पाऊण टक्का. कंपनीने वर सव्वातीन टक्के घालायचे असतात. त्या 131 रुपयांवर तुमचा हक्क उभा आहे, म्हणून सगळ्या पगारपावत्या एका पिशवीत ठेवा.

आता मेडिकल बोर्ड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण चांगली चांगली प्रकरणं इथे येऊन पडलेली मी बघितली आहेत, आणि एकदा त्यात माझीही चूक होती.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे यायच्या. पॅकिंग लाइनवर मनगट चेपलं गेलं होतं, हाड जुळलं होतं, हात तुमच्यासारखाच जळायचा. कागद सगळे मी स्वतः लावले, तारखेनुसार, फाइलला दोरी बांधून. बोर्डाच्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून, हातात बांगड्या भरून, वेणी घालून आल्या. मोठ्या डॉक्टरांसमोर जायचं म्हणून. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली आणि विचारलं, «काय, कसं काय आहे आता?» त्या म्हणाल्या, «बरं आहे साहेब.» आपल्याकडे कोणी कसं काय विचारलं की तोंडातून हेच येतं, शेजारणीने विचारलं तरी आणि डॉक्टरने विचारलं तरी. कागदावर उतरलं की रुग्णाची विशेष तक्रार नाही. त्या बांगड्या सूनबाईने तेलाचा हात लावून, बाईंनी दात आवळून धरल्यावर चढल्या होत्या. ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

म्हणून भाऊ, तुम्ही «बरं आहे» म्हणायचं नाही. आणि «फार दुखतं हो» म्हणूनही भागत नाही. बोर्डाला वेदना मोजायची नसते, कमाईची ताकद किती घटली ते मोजायचं असतं. तेव्हा त्याच भाषेत बोला. आजपासून एक दोनशे पानी वही करा. रोज चार ओळी, जास्त नको. आज काय करायला गेलो आणि कुठे थांबलो. शर्टाचं वरचं बटण बायकोने लावलं. चहाचा कप डाव्या हाताने धरला. गाडीचा अॅक्सिलरेटर पिळवेना, पाथर्डी फाट्याला गाडी बाजूला घेतली. पॅकिंगला तासाला किती खोके व्हायचे, किती झाले, कितव्या मिनिटाला हात उघडला तो मिटेना. रात्री किती वाजता जाग आली. बरा दिवस असेल तर तोही लिहा. सगळेच दिवस सारखे वाईट असलेली वही कोणाला खरी वाटत नाही, आणि हे दुखणं तसं असतही नाही. आठवड्यातून एकदा दोन्ही हात पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढा. हात निळा पडतो तो काही बोर्डाची वेळ बघून पडत नाही. त्या सकाळी नेमका बरा दिसला तर तुमच्याकडे दाखवायला हवं.

प्रेस ऑपरेटरचं काम काय असतं तेही सांगायची तयारी ठेवा. डॉक्टरांना शरीर कळतं, प्रेस शॉप कळतंच असं नाही. शिफ्टला किती स्ट्रोक, पत्र्याची धार, जॉब कोणत्या बोटांच्या चिमटीत धरावा लागतो, हातमोज्यात हात जातो का. 4 डिसेंबर 1975 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेला, अपंगत्व अर्धवट आहे. न्यायालयाने सुताराची कमाईची ताकद शंभर टक्के गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तो निकाल नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याखालचा आहे आणि इजाही तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, तेव्हा त्यावरून शंभर टक्क्यांची आशा धरू नका. पण शरीराचं अपंगत्व आणि कमाईची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो बजावतो. सिव्हिल हॉस्पिटलचा दिव्यांगत्वाचा दाखला आणि बोर्डाचा टक्का यांची गल्लत लोक करतात, ती यामुळेच करू नये.

पैशाचा हिशेब सांगते, म्हणजे साठ हजार किती ते कळेल. सोपं जावं म्हणून तुमची सरासरी रोजची मजुरी 600 धरू. तिचे 90 टक्के म्हणजे 540 हा पूर्ण दर. बोर्डाने 20 टक्के ठरवले तर रोजचे 108, तीस दिवसांचे 3,240. हे आयुष्यभर, आणि दुसरं काम करत असलात तरी. दीड-पावणेदोन वर्षांत ठेकेदाराचे साठ हजार फिटतात, तुमचं वय 35 आहे. 10 टक्के ठरले तरी साडेतीन वर्षांच्या आत. या इजेमुळे पुढे कायमचं काम सुटलं, तर निवृत्तीच्या वयापर्यंत वर्षाला 120 रुपये भरून तुमचा आणि वहिनींचा ईएसआयचा उपचार चालू ठेवता येतो. दुखणं लांबणारं असेल तर ही सोय महिन्याच्या पैशांइतकीच महत्त्वाची आहे.

बोर्ड कधी कधी तात्पुरता टक्का देतं आणि पुन्हा बोलावतं. ते वाईट नाही, वेदनेच्या प्रकरणात उलट बरंच, मात्र पुढची तारीख चुकवू नका. निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात. इजा कामावरची नाहीच असं शाखा कार्यालयाने म्हटलं, तर ते लेखी मागा. त्याविरुद्धही विमा न्यायालय आहे आणि तिथे कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. पण अर्ज या आठवड्यात द्या. त्या दिवशी शेजारच्या मशीनवर जो होता, तुमचा साक्षीदार, तो आज तिथे असेल, पुढच्या दिवाळीला दुसऱ्या ठेकेदाराकडे असेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ईएसआयचा 1948 चा कायदाही तिच्यात गेला. तुमचा अपघात त्याआधीचा, हक्क तेव्हाच तयार झालेला आहे. खिडकीवर कोणी कायदा बदलला म्हणून परत पाठवलं तर परत येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. फॉर्मचे नंबर बदलले असतील तर नंबरावर अडू नका, «अपघाताचा अहवाल», «बोर्डाकडे पाठवण्याचा अर्ज» असं कागदाचं नाव सांगा.

ज्या वाचकांचा पगार 21,000 च्या वर आहे म्हणून ईएसआय नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, आणि अपघातापासून दोन वर्षांत नुकसानभरपाईच्या आयुक्तांकडे दावा करायचा. 1923 चा कायदाही आता त्याच संहितेत गेला आहे. 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अपघाताचा त्या कायद्याखालचा हिशेब असा: पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक. 35 व्या वर्षी तो 197.06 आहे. कमाईची ताकद 20 टक्के घटली असेल तर 3,54,708 रुपये होतात. मालकाने महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड लागू शकतो. उपचाराचा खरा खर्च वेगळा. त्या कायद्यात हक्क सोडून दिल्याचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे कोणी आधीच सही करून बसलं असेल तर घरी रडत बसू नका, वकिलाला कागद दाखवा.

माझे वडील गिरणीत होते. खांद्यावर गाठोडं पडलं, त्याची नोंद कुठेच नाही. पुढची वीस वर्षं ते डावा हात वर करून खुंटीवरचा सदरा काढू शकत नव्हते, आणि आम्ही मुलं त्यांना कुरकुऱ्या म्हणायचो. त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. तुमच्याकडे आहेत, निदान मिळवता येण्यासारखे आहेत.

बोर्डाची तारीख आली की वहिनींना बरोबर न्या. आत सोडतील न सोडतील, पण विचारा. त्यांना सोडलं आणि डॉक्टरांनी काही विचारलं, तर सकाळी बटणं कोण लावतं, भाताचा घास कोणत्या हाताने खाता, रात्री चादर का बाजूला काढून ठेवावी लागते, हे त्या तुमच्यापेक्षा सरळ सांगतील. त्या दिवशी नेहमीचाच शर्ट घाला, आणि वरचं बटण लावता आलं नाही तर तसंच राहू द्या.